भुरीचे रक्त

विषाला हात असतात, ही गोष्ट मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी समजली. तोपर्यंत विष म्हणजे सापाच्या दातातील किंवा फवारणीच्या डब्यातील एक द्रव, एवढीच माझी समजूत होती.

मी सिद्राम मासाळ. मिरजेच्या पूर्वेला माळावर औषधांचे संशोधन करणारी एक संस्था आहे. तेथील मेंढ्यांचा सांभाळ करणे हे माझे काम. शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढील जे काही वाचन झाले, ते संस्थेच्या ग्रंथालयात, मुख्य शास्त्रज्ञ डॉ. वासंती उपळेकर यांच्या परवानगीने. ही हकिकत सन २०३९मधील असून तीत माझा एक अपराध आहे. तो मी लपविणार नाही.

औषधांच्या संस्थेत मेंढ्या कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. जंतूंच्या काही विषांची परीक्षा मेंढीच्या रक्तावर फार चांगली होते. दर मंगळवारी मी मेंढ्यांच्या मानेच्या शिरेतून थोडे थोडे रक्त काढीत असे. काचेचे मणी घातलेल्या बाटलीत ते हलक्या हाताने घोळवीत राहिले म्हणजे गोठत नाही. मग प्रयोगशाळेत ते एका जेलीसारख्या पदार्थात मिसळून त्याच्या तबकड्या ओतल्या जात. तबकडी लालभडक दिसे. तिच्यात बारीक खळगा करून विषाचा थेंब टाकला की रात्रभरात खळग्याभोवतीच्या रक्तपेशी फुटत आणि तेथे काचेसारखे स्वच्छ वलय उमटे.

हे का घडते, ते मला मॅडमनी मेंढवाड्यातच समजावून सांगितले. मी वाघर लावीत होतो. वाघर म्हणजे खुंटांना बांधलेले जाळे. आम्ही धनगर लोक त्यात मेंढरे कोंडतो. मॅडम कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मासाळ, किती खुंट आहेत हे?"

"सात, मॅडम."

"मग तुम्हाला आमचे विष समजायला वेळ लागणार नाही. असे समजा, की हा एकेक खुंट म्हणजे विषाचा एकेक रेणू. तळ्याच्या पाण्यात राहणारा एक जंतू हे रेणू सुटे सुटे सोडतो. सुटा रेणू पाण्यात नुसता पोहतो, कोणाचे काही बिघडवत नाही. त्याला पेशी भेटली, की तो तिच्या अंगावरचे दावे पकडतो."

"पेशीला दावे असते?"

"असते तर! पेशीच्या बाहेर जी कामे चालतात, ती करणारे कितीतरी रेणू दाव्याने तिच्या अंगाला बांधलेले असतात. आमचे विष नेमके ते दावे धरते. मग शेजारी दुसरा येतो, तिसरा येतो. सात जमले की एकमेकांचे हात धरून गोल उभे राहतात. इथवर पेशीला काही होत नाही."

"आणि मग?"

"प्रत्येकाने एक पाय पोटाशी दुमडून ठेवलेला असतो. सातही जण तो एकाच वेळी खाली सोडतात. ते सात पाय मिळून एक नळी होते आणि ती पेशीच्या तेलकट भिंतीतून आरपार जाते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातला एखाद-दीड भाग, एवढे त्या नळीचे भोक. पण तेवढ्यातून क्षार बाहेर धावतात, पाणी आत शिरते, पेशी फुगते आणि फुटते."

मी हातातील खुंटाकडे पाहत राहिलो. आम्ही खुंट आधी गोल मांडतो आणि नंतर एकेक ठोकतो. ते सातही जण एकदम उतरतात, याचे मला मोठे नवल वाटले. त्यांना खूण कोण करते, असे मी विचारले. मॅडम हसल्या व म्हणाल्या, "तेच तर आम्ही वीस वर्षे शोधतो आहोत."

संस्थेने या विषाचेच औषध केले होते. त्याचे नाव 'वलय'. मूळ विषाच्या रेणूला निसर्गतःच एक टोपण असते. ते कापले गेल्याशिवाय रेणूंना एकमेकांचे हात धरता येत नाहीत. शास्त्रज्ञांनी त्या टोपणाचा सांधा बदलला. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत एक कात्रीसारखा रेणू असतो. त्या ग्रंथीचा कर्करोग हाडात पसरला, तर तेथेही ही कात्री चालते; मात्र रक्तात आली की ती बोथट होते. नवे टोपण केवळ याच कात्रीने कापले जाईल, अशी योजना होती. म्हणजे औषध शिरेतून अंगभर फिरणार आणि टोपण निघणार ते केवळ गाठीपाशी.

धोका एकच होता. बनविताना किंवा साठविताना काही रेणूंची टोपणे आपोआप गळाली, तर ते शिरेत शिरताच रोग्याच्या रक्तपेशींवर वलये मांडतील. यासाठी औषधाच्या प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळी बनलेल्या साठ्याची, परीक्षा मेंढीच्या रक्ताच्या तबकडीवर होत असे. वलय उमटले, तर तो घाणा फेकून द्यायचा. सर्व भरवसा त्या रक्तावर होता, आणि रक्त माझ्या हातातून जात होते.

माझे वडील बंधू मायाप्पा, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, ते माझ्याशी नऊ वर्षे बोलत नव्हते. मी कळप सोडून नोकरी धरली, यापेक्षा मेंढरांना सुई टोचण्याची नोकरी धरली, हे त्यांना अधिक लागले होते. त्या वर्षी माघात त्यांच्या कंबरेचे दुखणे वाढले. तपासणीत प्रोस्टेटचा कर्करोग निघाला व तो माकडहाडापर्यंत पोहोचला होता. नेहमीची औषधे लागू पडेनात. तेव्हा मीच गावी गेलो, त्यांच्या पायाशी बसलो आणि वलयच्या चाचणीसाठी त्यांचे नाव द्यायला लावले. बारा रोग्यांच्या यादीत त्यांचे नाव चौथे आले.

वैशाखात नाव नोंदवायला ते आले, त्या दिवशी तडक मेंढवाड्यात शिरले.

"ही व्हय तुजी शाळा? मेंढरास्नी कानात बिल्लं, जसं काय कचेरीत कारकून हायत. आनि ह्यास्नी खाया काय?"

"मापात खुराक असतो, आण्णा. मका, पेंड, सुका चारा."

"मापात! माळावरची मेंढी मापात खाती व्हय रं? सिद्या, तू मानूस ऱ्हायलास का तूबी बिल्ला लावून घेतलास?"

असे बोलत बोलत ते प्रत्येक मेंढीची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहत चालले. आमच्याकडे मेंढीचे रक्त असेच पाहतात. पापणी आतून लाल असली की जनावर चांगले. पाच मेंढ्या पाहून झाल्यावर ते सहाव्या मेंढीपाशी थांबले. ती भुरी. माडग्याळ जातीची, अंगावर विटकरी ठिपके असलेली आणि भाकड.

"हिचं डोळं पांढरं हायत. ह्या येकलीचंच. ही जित्ती मेंढी हाय का रंगवून आनलीस? सिद्या, हिच्या रगतात कायतरी येगळं हाय."

मी मान खाली घातली. त्या पांढऱ्या पापणीचे कारण मला ठाऊक आहे, अशी माझी खात्री होती.

आता माझा अपराध सांगतो. नियम असा होता, की दर मंगळवारी सहा मेंढ्यांचे रक्त सारखे घेऊन एकत्र करायचे. परंतु त्या चैत्रात पाच मेंढ्या व्याल्या. पिलू अंगावर पीत असेल त्या मेंढीच्या अंगाला सुई-सुरी लावायची नाही, हा आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, नेम. आबा जाऊन बावीस वर्षे झाली. पण आचळाला लुचणारे पिलू बाजूला सारून त्याच्या आईच्या मानेत सुई घालण्यासाठी माझा हात उठेना. म्हणून मी सगळे रक्त एकट्या भुरीचे काढू लागलो आणि वहीत मात्र सहाही बिल्ल्यांचे क्रमांक लिहू लागलो. रक्त ते रक्त, असे मी मनाला समजावले. पापणी पांढरी झाली ती माझ्या सुईमुळे, या समजुतीने मी तिला गूळ चारीत असे. शास्त्राच्या घरात राहून मी एकदाही विचारले नाही, की मेंढी मेंढीत फरक असला तर?

श्रावणात एका मंगळवारी भुरी लंगडू लागली. खुरात पू झाला होता. अशा जनावराचे रक्त कसे काढणार? सुदैवाने काजळी नावाच्या मेंढीचे पिलू नुकतेच तुटले होते, म्हणजे अंगावरचे दूध सुटले होते. मी काजळीचे रक्त दिले.

शुक्रवारी दुपारी प्रयोगशाळेतील रुबीना जमादार जिन्यावर भेटली. तबकड्यांची परीक्षा तिच्याकडे असे.

"मामा, ह्या वेळी रक्त कसलं दिलंत हो? नासकं निघालं. औषधाच्या खळग्याभोवती वलय आलं! मग गेल्या आठवड्याच्या उरलेल्या तबकडीवर परत लावलं, तर काही नाही, लाली जशीच्या तशी."

"मग घाणा पास झाला?"

"झाला की. सोमवारी पहिले चार डोस. तुमच्या आण्णांचाही त्यातच आहे ना? पेढे आणा आता."

ती गेली. मी खाली टाकाऊ तबकड्यांच्या पेटीपाशी गेलो. मॅडमनी मला एक सवय लावली होती: जे फेकले, ते आधी पाहा. दोन तबकड्या काढून खिडकीपाशी धरल्या. प्रत्येकीत तीन खळगे होते. पहिल्यात टोपण काढलेले तयार विष, दुसऱ्यात औषध, तिसऱ्यात नुसते मिठाचे पाणी.

भुरीच्या तबकडीत तयार विषाभोवती वलय होते. पण ते धुरकट होते, जसे दूध सांडलेली काच ओल्या फडक्याने पुसावी. मी ते कित्येक आठवडे पाहिले होते आणि ते तसेच असते असे धरून चाललो होतो. मोजणारे यंत्र वलयाची केवळ रुंदी मोजत असे, ते किती स्वच्छ आहे हे पाहत नसे. काजळीच्या तबकडीत तेच वलय इतके निर्मळ होते, की त्यातून माझ्या बोटाच्या रेषा दिसल्या. आणि औषधाच्या खळग्याभोवती मसुरीएवढे दुसरे वलय होते.

रक्त नासले असते, तर पेशी आपोआप फुटल्या असत्या. मग मिठाच्या पाण्याभोवतीही लाली उडायला हवी होती. तेथे लाली जशीच्या तशी होती. मी तबकडी तीनदा फिरवून पाहिली. काजळीचे रक्त नासके नव्हते. इतके महिने आलेल्या रक्तांपैकी कदाचित तेच एक खरे होते. आणि कोणते रक्त कोणाचे, हे साऱ्या संस्थेत मला एकट्यालाच ठाऊक होते.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. रुग्णालयात जाऊन आण्णांना काहीतरी निमित्ताने घरी घेऊन जावे. माझा भाऊ वाचेल, माझी वही कोणी उघडणार नाही. पण यादीत आणखी अकरा नावे होती. दुसरी वाट म्हणजे सांगून टाकणे. तसे केल्यास कदाचित चाचणीच बंद पडेल आणि आण्णांच्या हाडातील गाठ कोणासाठी थांबणार नव्हती. मी दोन्ही तबकड्या घेऊन वर गेलो.

मॅडम डबा खात होत्या.

"मॅडम, रक्त नासके नव्हते."

"कोणते रक्त?"

"काजळीचे. चैत्रापासून दर मंगळवारी मी एकट्या भुरीचेच रक्त दिले. वहीत सहा बिल्ले लिहिले, ते खोटे आहेत."

त्यांनी हातातील घास डब्यात परत ठेवला. "का?"

"पिले पीत होती."

"मला सांगितले असतेत, मासाळ, तर मी सहा भाकड मेंढ्या आणून दिल्या असत्या."

मी तबकड्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

त्यांनी तबकड्या उजेडात धरल्या. राग त्यांच्या चेहऱ्यावर होता, परंतु तबकडी डोळ्यांपाशी नेताच भुवया वर गेल्या, आणि त्या मला रागावलेल्या कमी व उत्सुक अधिक दिसू लागल्या. "सोमवारच्या यादीत तुमचे भाऊ आहेत, हे लक्षात आहे ना?"

"आहे. यादीत बारा जण आहेत, हेही आहे."

"मग चला. वही घेऊन या."

आम्ही तीन नळ्या भरल्या. एकीत भुरीचे रक्त, दुसरीत काजळीचे आणि तिसरीत माझ्या दंडातून काढलेले माझे. तिन्ही मिठाच्या पाण्यात पातळ केली व त्यांत सोमवारच्या घाण्याचे औषध घालून कोमट पाण्यात ठेवली. अखंड पेशींचे पाणी गढूळ असते, पुराच्या ओढ्यासारखे; पलीकडचे काही दिसत नाही. पेशी फुटल्या की तेच पाणी कोकमाच्या सरबतासारखे आरपार होते.

एक तासाने मॅडमनी माझी वही उघडून नळ्यांच्या मागे धरली. "वाचा."

भुरीची नळी गढूळ होती. काजळीच्या नळीतून आणि माझ्या स्वतःच्या रक्तातून मला माझे अक्षर स्पष्ट वाचता आले: बिल्ला अकरा, बिल्ला चौदा, बिल्ला सतरा. मीच लिहिलेले, मीच खोटे केलेले.

तो घाणा त्याच संध्याकाळी नष्ट करण्यात आला. साठविताना कधीतरी बर्फपेटी तापली आणि बरीच टोपणे गळाली, असे पुढे निष्पन्न झाले. नवा घाणा तयार व्हायला सात आठवडे लागणार होते.

शनिवारी मी रुग्णालयात गेलो. आण्णा खाटेवर पाय सोडून बसले होते. मी सारे सांगितले.

"म्हंजी सोमवारी माजं बी रगात सरबत झालं आसतं?"

"झालं असतं, आण्णा."

"आनि आता सात आठवडं थांबायचं. तवर ही आतली बया गप बसंल?"

"डॉक्टर म्हणतात, बसेलच असं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाठ करून खिडकीकडे तोंड फिरविले. मला वाटले, पुन्हा नऊ वर्षांचा अबोला सुरू झाला. मग एकाएकी वळून म्हणाले, "त्या पांढऱ्या डोळ्याचं मी काय म्हनलो हुतो?"

"हिच्या रक्तात काहीतरी वेगळं आहे, म्हणाला होता."

"मग? मॅडमला सांग, मायाप्पा नुसता अंगठा लावून तपासतो, आनि त्याचं मशिनीपरास बरं निगतंय!" ते हसले, हसताना कंबर दुखली, म्हणून चादर मुठीत धरली. "पिलाच्या आईला सुई लावली न्हाईस, आबाचा नेम पाळलास, ते ब्येस केलंस. पर खोटं कशाला लिवलंस? आबा उभ्या जल्मात कुनाला खोटं बोलला न्हाय. तुला लिवाय आलं, तर पयलं तेच लिवलंस व्हय?"

त्यांनी इतके बोलावे आणि मी ऐकावे, असे नऊ वर्षांत घडले नव्हते.

भुरीचे गूढ मॅडमनी महिन्याभरात उलगडले. तिच्या हाडांच्या मगजात रक्तपेशी निर्माण करणाऱ्या एका मूळ पेशीत कधीतरी बिघाड झाला होता. त्या पेशीच्या पुढील पिढ्यांना दावे वळताच येत नव्हते. तिच्या दहा रक्तपेशींपैकी आठ दाव्याविना होत्या. विषाने धरायचे तरी काय? सात जण जमणार कोठे? राहिलेल्या दोन पेशी फुटत, तेच ते धुरकट वलय; औषधातले थोडेसे विष तर तिच्या तबकडीवर दिसतही नसे. मात्र दाव्यांना बांधलेले काही रेणू पेशीचे स्वतःच्या शरीरातील पहारेकऱ्यांपासून रक्षण करतात. तेही नसल्यामुळे भुरीच्या पेशी तिच्याच अंगात हळूहळू मोडत होत्या. पापणी पांढरी होती ती त्यामुळे; माझ्या सुईने त्यात भर घातली असेल एवढेच. ज्या विषाने इतर मेंढ्यांचे रक्त तासाभरात फुटते, त्यातून ही मेंढी हिंडून येईल. परंतु त्याची किंमत ती रोज थोडी थोडी देत होती. मॅडम म्हणाल्या, पुढील औषधाची कल्पना त्यांना या मेंढीनेच दिली. भुरीला आता कोणी सुई लावत नाही, वर्षातून एक थेंब सोडला तर.

मला शिक्षा झाली. वर्षभर वहीला हात लावायचा नाही आणि रक्त काढताना शेजारी रुबीना उभी. नियम दोन बदलले: व्यालेल्या मेंढ्यांच्या जागी भाकड मेंढ्या, आणि औषध देण्यापूर्वी प्रत्येक रोग्याच्या स्वतःच्या रक्ताची नळी. दुसरा नियम मी सुचविला होता.

सात आठवडे फार जड गेले. आण्णांना काठी लागली, मग दोन काठ्या. ते अनेकदा मेंढवाड्यात येऊन बसत व मी खुराक मापताना माझ्यावर तोंडसुख घेत. अखेर आश्विनात नवा घाणा आला. त्या सकाळी आण्णांच्या दंडातून काढलेले रक्त मॅडमनी नळीत घेतले, औषध घातले आणि आम्ही तिघेही घड्याळाकडे न पाहण्याचे नाटक करीत बसलो.

तास झाला. मॅडमनी नळी माझ्या हाती दिली आणि आण्णांचे संमतीपत्र तिच्या मागे धरले. तेच, ज्यावर त्यांचा अंगठा होता.

"काय दिसतं रं?" आण्णांनी विचारले.

मी नळी उजेडाकडे वळविली, डोळे बारीक केले, पुन्हा उघडले.

"काही वाचता येत नाही, आण्णा."

"मला तर कवाच येत न्हाय," ते म्हणाले आणि त्यांनी बाही वर सारली.

पुढील तपासण्यांत त्यांच्या हाडातील डाग लहान होत गेला. पूर्णपणे गेलेला नाही. एक काठी सुटली आहे. परंतु मला त्यातले काय आठवते असे कोणी विचारले, तर मी ती नळी सांगतो. मी अडखळत, अक्षर अक्षर लावून वाचायला शिकलेला माणूस आहे. तरीही त्या गढूळ लाल पाण्यापलीकडचे एकही अक्षर दिसत नाही, याचा जो आनंद मला त्या दिवशी झाला, तो कोणतेही पुस्तक वाचून कधी झालेला नाही.